फूटभर जागा

नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, जिथे गेले चार महिने सिंहस्थाच्या नावाने रस्ता उकरून ठेवलाय, तिथे सकाळी साडेआठच्या सुमाराला माझ्या पुढचं कुणीतरी स्कूटरवरून पडलं. पडलं म्हणजे बारीक खडीवरून पुढचं चाक सुटलं, गाडी आडवी झाली आणि माणूस तिच्यापासून वेगळा होऊन घसरत गेला. हे सगळं व्हायला एक सेकंदही लागला नसेल. त्याच सेकंदात मला रिक्षाचं मागचं चाक आणि दुभाजक यांच्यामधली साधारण तीन फुटांची जागा दिसली, तिथे पडलेली चेपलेली पाण्याची बाटली दिसली, बाटलीच्या डाव्या अंगाला खडी कमी आहे हे दिसलं, आणि मी त्या जागेतून निघून गेलो. ब्रेकला हात लावला नाही, पाय टेकला नाही. पुढच्या सिग्नलला थांबलो तेव्हा पाटीवर एकशेसात सेकंद उरले होते, आणि त्या एकशेसात सेकंदांत कधीतरी माझ्या लक्षात आलं की पडली ती बाई होती की पुरुष, हे मला माहीत नाही. म्हातारं माणूस होतं की तरुण, तेही नाही. बाटलीचं निळं झाकण आठवत होतं. माणूस आठवत नव्हता.

मागे वळून जाता आलं असतं. सिग्नलच्या पुढे दुभाजकाला खंड आहे, तिथून दोन मिनिटांत परत पोचलो असतो. पण नऊला अंबडमध्ये हजर व्हायचं होतं, रस्त्यावर गर्दी होती, कुणीतरी उचललंच असेल, डोक्यावर हेल्मेट तर होतंच ना, असं मी स्वतःला सांगितलं. मग कळलं की हेल्मेट होतं की नव्हतं हेही मी पाहिलेलं नाही. सबबी सुचायच्या बाबतीत माझं डोकं फार चपळ आहे. आणि गंमत अशी की मी निघालो होतो ते रस्ता सुरक्षेवर व्याख्यान द्यायला. हाच आता माझा धंदा. जानेवारी उजाडला की सातपूर-अंबडच्या कारखान्यांना रस्ता सुरक्षेची आठवण होते, मग मला बोलावतात, फलकावर माझ्या नावापुढे ‘माजी राष्ट्रीय विजेता, मोटरसायकल शर्यत’ असं लिहितात आणि शेवटी शाल-नारळ देतात. घरी नारळ इतके साठतात की महिन्यातून एकदा पिशवी भरून चौकातल्या मारुतीपाशी ठेवून येतो. एकट्या माणसाला नारळ संपवता येत नाही, हे शर्यती सुटल्यावर मला कळलेलं पहिलं सत्य.

कारखान्याच्या कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. रात्रपाळी संपायची होती, पहिली यायची होती, मधे जे सापडले त्यांना आणून बसवलं होतं. मी नेहमीचं बोललो. पडद्यावर माझे जुने फोटो आले, गुडघा जमिनीला टेकवून वळण घेतानाचे, आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं: नजर जिथे, गाडी तिथे. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल. पुढचा पडला तर त्याच्याकडे बघू नका, कारण हात नजरेच्या मागे जातात आणि तुम्ही नेमके त्याच्यावर जाऊन आदळता. मोकळ्या जागेकडे बघा. हे वाक्य मी दीड-दोनशे वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी म्हणताना जीभ किंचित अडखळली, पण पुढे गेली. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर पॅकिंग विभागातल्या एक बाई उभ्या राहिल्या, लंकाबाई म्हणून, पन्नाशीच्या, निळा एप्रन घातलेल्या. “सर, पडलेल्याकडं बघायचं नाय म्हनता,” त्या म्हणाल्या, “मंग त्याच्याकडं बघायचं कोनी?” लोक हसले. मीही हसलो आणि चौदाव्या स्लाइडवरचं उत्तर दिलं: आधी आपण सुरक्षित जागी थांबायचं, मग एकशेआठला फोन लावायचा, गर्दी करायची नाही. लंकाबाईंनी मान हलवली आणि खाली बसल्या. त्यांना उत्तर पटलं नव्हतं, हे मला दिसलं. मलाही पटलं नव्हतं, आणि नवीन शाल खांद्यावर घेऊन पार्किंगकडे जाताना मला अगदी स्वच्छ वाटलं की आपण एक खोटारडा माणूस आहोत.

मुळात ते वाक्य माझं नाहीच. ते गोरक्षचं. गोरक्ष सटाण्याकडचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा; द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात सहा दिवस गाड्या खोलायचा आणि सातव्या दिवशी मातीच्या शर्यतींत त्याच गाड्या पळवायचा. मी सतरा वर्षांचा होतो, वडिलांची स्कूटर दुरुस्तीला घेऊन गेलो, आणि ती दुरुस्त झाल्यावरही तिथून हललो नाही. माझे वडील रामकुंडावर यजमानांचे विधी सांगायचे, हे कळल्यापासून गोरक्ष मला पंडित म्हणायला लागला, आणि पुढे देशभरच्या ट्रॅकवर हेच नाव चिकटलं. कुंभमेळा संपला की तपोवनातली साधुग्रामची जमीन पुढची दहा वर्षं नुसती पडून असते. तिथे संध्याकाळी तो मला शिकवायचा. त्याने गोणीत भुसा भरून एक माणूस बनवला होता, त्याला फाटकं जाकीट आणि फुटकं हेल्मेट घातलं होतं, आणि त्याचं नाव ठेवलं होतं मामा. मी वेगात यायचो आणि गोरक्ष कडेला लपून मामाला माझ्या चाकापुढे भिरकावायचा. पहिला आठवडाभर मी रोज मामावर जाऊन आदळलो. कोपरं सोलली, एक दात हलला. तू मामाकडं बघतोस, गोरक्ष शांतपणे सांगायचा, म्हणून मामाच तुला भेटतो. मामा मेला असं समज आणि बाजूची जागा शोध. महिन्याभराने मला मामा दिसेनासा झाला. खरंच दिसेनासा. तो उडत यायचा, मला एक पांढुरकं काहीतरी हललेलं कळायचं, आणि त्याच्या शेजारची जागा मात्र उन्हात ठेवल्यासारखी लख्ख दिसायची. त्या दिवशी गोरक्षने मला स्वतःच्या पैशाने मिसळ खायला घातली आणि म्हणाला, आता तू रेसर झालास.

घरी वेगळं काही शिकवलं नव्हतं. लहानपणी सुट्टीत वडिलांबरोबर कुंडावर जायचो, तेव्हा ऐकलेलं एकच वाक्य अजून कानात आहे. बिहार-राजस्थानपासून आलेली माणसं अस्थी सोडायची, रडायची, पायऱ्यांवर घुटमळायची, आणि वडील त्यांना म्हणायचे, चला, आता मागे वळून बघायचं नाही. गेलेल्याचा पाय अडकतो म्हणायचे. माणसं पाठ फिरवायची आणि ओल्या पायऱ्या चढून जायची, एखादी बाई मान वळवायला लागली की घरातलंच कुणी तिचा खांदा धरायचं. वडील गेले तेव्हा मी त्याच पायऱ्यांवरून न बघता वर आलो. त्या बाबतीत मी तयारच होतो. मी शर्यतीत उतरतो हे त्यांना वर्तमानपत्रातून कळलं होतं, आणि ते रागावले नव्हते. पडलास तर तू स्वतः सांग, पेपरातून कळायला नको, एवढंच म्हणाले होते. मी आयुष्यात अकरा वेळा हाड मोडून घेतलं आणि दरवेळी त्यांना स्वतः फोन केला. ज्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवं होतं ती मात्र त्यांना सांगितली नाही, कारण त्यात पडलो मी नव्हतो.

नऊ वर्षांपूर्वीचा डिसेंबर. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी. तोवर गोरक्ष आणि मी बारा वर्षं स्वतःच्या हिमतीवर शर्यती खेळत होतो. पिकअपमध्ये दोन गाड्या बांधून नाशिकहून निघायचं, आळीपाळीने चालवायचं, ट्रॅकवर ताडपत्रीखाली झोपायचं. शर्यत सुरू व्हायच्या आधी रांगेत उभे असताना तो माझ्या हेल्मेटची काच पुसायचा आणि मी त्याची, आपापल्या रुमालाने, हा आमचा नेम होता. त्या वर्षी एका कंपनीच्या टीममध्ये पुढच्या हंगामासाठी एकच जागा होती. मॅनेजरने आम्हाला वेगवेगळं बोलावून एकच सांगितलं होतं, की आज तुमच्या दोघांत जो पुढे, तो आमचा. आम्ही एकमेकांना ते सांगून टाकलं आणि हसलो. काचाही पुसल्या. शेवटच्या चक्करीत गोरक्ष माझ्या अर्धी गाडी पुढे होता. उजवीकडच्या शेवटून दुसऱ्या वळणावर त्याचं पुढचं चाक सुटलं. त्याची गाडी बाहेरच्या बाजूला घसरत गेली, तो तिच्या मागोमाग, आणि आतल्या बाजूला, तो आणि ट्रॅकची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कड यांच्यामध्ये, मला फूटभर जागा दिसली. मी त्यातून गेलो. जाताना मागचं चाक किंचित उचललं गेलं. एक धक्का. मोठा नव्हे, कुणी खुर्चीला मागून पाय लावावा इतका. मी कडेवर चढलो असेन, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, मी ठरवलं. पुढच्या वीस सेकंदांत शर्यत संपली आणि मी जिंकलो होतो.

गोरक्षचा डावा पाय घोट्यापासून खाली चिरडला होता. त्याच्याच गाडीचं वजन पायावर आलं, असं ट्रॅकवरच्या लोकांनी लिहिलं. त्या वळणावर कॅमेरा नव्हता. मी संध्याकाळी दवाखान्यात गेलो. तो गुंगीत होता. मी दारात उभं राहून सलाइनची बाटली पाहिली, खिडकीबाहेरचं नारळाचं झाड पाहिलं, भिंतीवरचं तामिळ कॅलेंडर पाहिलं, आणि पांघरुणाखाली जिथे उंचवटा होता तिथे नजर गेली नाही. दहा मिनिटांनी निघालो. चार दिवसांनी कंपनीच्या कागदावर सही केली. मग सराव, मग परदेशी व्हिसा, मग पहिली शर्यत. त्याला फोन केला तेव्हा त्याच्या आईने उचलला आणि तो झोपलाय म्हणाली. दुसऱ्यांदा केला तेव्हाही. तिसऱ्यांदा मी केला नाही, आणि त्याने कधीच केला नाही. मला त्याला एकच गोष्ट विचारायची होती, ती म्हणजे तो धक्का कडेचा होता की तुझ्या पायाचा. हे विचारायला फोन कसा करतात ते मला सुचलं नाही. मग नुसती वर्षं गेली.

लोकांना वाटतं रेसरची घसरण म्हणजे एखादा मोठा अपघात. माझं तसं झालं नाही. पहिलं वर्ष चांगलं गेलं, वर्तमानपत्रांत फोटो आले, नाशिकमध्ये कॉलेज रोडला माझा फलक लागला, वल्लरीशी लग्न झालं. दुसऱ्या वर्षी मलेशियात मी अकरावा आलो, मग चौदावा, मग सतरावा. टीमचा इंजिनिअर संगणकावर रेघा दाखवून सांगायचा की तू प्रत्येक उजव्या वळणाला आतली बाजू सोडतोस, कडेपासून फूटभर लांब राहतोस, आणि बाकीचे त्या फुटातून घुसून तुला मागे टाकतात. मला ते माहीत होतं. आदल्या रात्री शंभर वेळा ठरवायचो की उद्या कडेला चिकटायचं, आणि वळण आलं की हात आपोआप गाडी बाहेर धरायचे. त्या फूटभर जागेत मला जायचंच नव्हतं. तिथे कुणीतरी आहे असं वाटायचं. हे मी इंजिनिअरला सांगितलं नाही, वल्लरीलाही नाही. ती एकदा म्हणाली होती, तू बोलताना माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतोस, मला वाटतं माझ्या मागे कुणी उभंय. मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कंपनीचा चार ओळींचा मेल आला, त्यानंतर वर्षभराने वल्लरीला पुण्यात नोकरी मिळाली, आणि दोन्ही गोष्टी मी सारख्याच शांतपणे ऐकून घेतल्या. लोक त्याला माझा समजूतदारपणा म्हणाले. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आता मी, आठ ट्रॉफ्या आणि नारळ असे राहतो. ट्रॉफ्या पुसायचं मी दोन वर्षांपासून सोडून दिलंय.

अंबडहून परतताना मी त्या जागी थांबलो. सकाळची गर्दी ओसरली होती. खडी तशीच होती, आणि तिच्यावर घसरल्याचा एक लांब ओरखडा होता, शेवटी शेवटी रुंद होत गेलेला. चेपलेली बाटलीही होती, निळ्या झाकणाची. कडेला एक शहाळीवाला बसला होता. त्याला विचारलं, सकाळी इथे कुणी पडलं होतं का. तो म्हणाला, पडली ना, बाई होती, डबे घेऊन चालली होती. वरणभात सगळा रस्त्यावर. हाताला लागलं, लोकांनी उठवलं, पाणी दिलं, मग तिच्या भावाला फोन करून बोलावलं. हेल्मेट नव्हतं, नशीब डोकं वाचलं. मग त्याने कोयता खाली ठेवला आणि माझ्या गाडीकडे पाहिलं. “तुम्हीच ना ते, तिच्या बाजूनं सूं करून गेले?” तो म्हणाला. मी हो म्हणालो. तो रागाने बोलला नव्हता. “ती बघत होती तुमच्याकडं. म्हनली, त्यांना दिसलं नसंल.” मी शहाळं घेतलं, पाणी अर्धंच प्यायलो, आणि गाडी घराकडे न वळवता हायवेला लावली. सटाण्याला गोरक्षकडे जायचं असं मी ठरवलं नव्हतं. पण आता नाही गेलो तर उरलेलं आयुष्य लोकांच्या बाजूने सूं करून जाण्यातच जाईल, अशी मला भीती वाटली.

नाशिक ते सटाणा शंभरेक किलोमीटर. पिंपळगाव गेलं, वडनेर गेलं, सोग्रस फाट्याला डावीकडे वळलो. दोन्ही अंगांना कांद्याची हिरवी शेतं, मधूनच डाळिंबाच्या बागा, थंड वारा. ज्या माणसाने कधीकाळी ताशी दोनशेच्या वर गाडी पळवली तो शंभर सीसीच्या गाडीवर पंचेचाळीसने चालला होता आणि कांद्याचे ट्रॅक्टर त्याला मागे टाकत होते. बारा वर्षं आम्ही पिकअपमधून असेच रस्ते कापले. तो गाडी चालवताना गायचा, फार वाईट गायचा, आणि मी झोपलो की मुद्दाम मोठ्याने. त्याची मला आठवण येत होती हे मी स्वतःशी कधी कबूल केलं नव्हतं. प्रत्येक वेळी मला फक्त तो धक्का आठवायचा आणि गोरक्ष त्या धक्क्याच्या मागे झाकला जायचा. देवळ्याजवळ गाडी थांबवून मी परत फिरायचा विचार केला. तो काय म्हणेल याच्या मी दोन शक्यता धरल्या होत्या. एक, नाही रे, कडेवर चढला होतास तू, आणि मग मी सुटेन. दुसरी, हो, तूच. दुसरीनंतर काय, ते मला दिसत नव्हतं. तिथे मोकळी जागा नव्हती.

सटाण्यात पोचल्यावर दोन जणांना विचारावं लागलं. ताहाराबाद रस्त्याला पत्र्याची शेड, बाहेर फवारणीचे पंप आणि ब्लोअर ओळीने उभे, मागे लागूनच घर. शेडच्या दाराशी एका बाजेवर म्हातारी बसली होती, लसूण सोलत. ही कलाबाई, गोरक्षची आई. पूर्वी नाशिकला यायची तेव्हा माझ्यासाठी वेगळे मांडे बांधून आणायची. तिने डोळे बारीक केले. “कोन शे रे, गोरख?” तिने आत विचारलं. आतून आवाज आला, “पंडित हाय.” मी अजून दारातून दिसलोही नव्हतो. मी आत गेलो तेव्हा तो लोखंडी स्टुलावर बसून एका पंपाचं इंजिन खोलत होता. केस निम्मे पिकले होते, अंगाने भरला होता. डावा पाय पुढे सरळ ठेवलेला, पायात काळा बूट. “क्लच प्लेटा गेल्यात तुझ्या,” तो वर न बघता म्हणाला. “वळनापासून ऐकतोय. गिअर टाकायची सवय तीच हाय, म्हनून कळलं.” मी दुसऱ्या स्टुलावर बसलो.

पहिला अर्धा तास आम्ही पंपांबद्दल बोललो. डाळिंबवाले ब्लोअर किती हाल करून आणतात, सुटे भाग कसे मालेगावहून आणावे लागतात. कलाबाईने येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला, “चहा ठेवस, बठ,” म्हणाली आणि आत गेली. मग गोरक्षने माझ्या शर्यतींचा विषय काढला. त्याने त्या सगळ्या पाहिल्या होत्या, मोबाइलवर, एकूण एक. थायलंडला तिसऱ्या चक्करीत मी गिअर चुकलो होतो तेही त्याला ठाऊक होतं. कोइमतूरची पावसातली शर्यत मी चांगली काढली असं तो म्हणाला, आणि मला लाज वाटण्याइतका आनंद झाला. मग तो पाना पुसत राहिला, बराच वेळ, पुसून झालेला पाना पुन्हा पुसला.

“उजवीकडं आतली बाजू सोडायला लागला तू,” तो म्हणाला. “चेन्नईच्या नंतर. तसं मी शिकवलं नव्हतं तुला.”

मी जमिनीवर पडलेला एक नट उचलून बोटांत फिरवला.

“का सोडत होता?”

शेडमध्ये रॉकेलचा आणि ओल्या मातीचा वास होता. माझी नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली होती, भिंतीवर टांगलेल्या पट्ट्यांकडे, आणि मला ते कळलं, आणि मी ती ओढून आणून त्याच्या तोंडावर ठेवली. हे सोपं नव्हतं. नऊ वर्षांत मी कुणाच्याही तोंडाकडे असं बघितलं नव्हतं. मी म्हणालो, “माझ्या चाकाला काहीतरी लागलं होतं, गोरक्ष. त्या वळणावर. मी कड आहे असं म्हणालो, पण ती कड नव्हती. नव्हती ना?”

आत कलाबाई कपबशा मांडत होती तो आवाज येत होता.

“नव्हती,” तो म्हणाला. “ट्रॅकवरच्या मार्शलला मीच सांगितलं का माझ्याच गाडीखाली पाय आला. नायतर चौकशी बसली असती, ती जागा तिसऱ्यालाच गेली असती. म्हटलं दोघांतल्या एकाला तरी मिळू दे.” तो हे अगदी साधेपणाने बोलला, सुट्या भागांबद्दल बोलावं तसं. “दवाखान्यात नर्स म्हनली, एक जन दारात उभा राहून गेला. मला वाटलं परत येशील. येशील आन् म्हनशील, गोरख्या, काहीतरी लागलं रे चाकाला. मी वाट बघितली. आई फोन उचलायची, तू निरोप ठेवायचा नाय. मंग तुझ्या शर्यती बघायला लागलो. आतली बाजू सोडताना दिसला का वाटायचं, याला ठावं हाय. मंग वाटायचं, नाय, नुसता भ्याला असंल.” त्याने पाना मुठीत घट्ट धरला. “तवाच कळलं होतं तुला?”

“हो.”

“तवाच?”

“तेव्हाच. त्याच क्षणी.”

त्याने पाना खाली ठेवला. त्याचे खांदे थोडे खाली आले, खूप वेळ उचलून धरलेलं काहीतरी टेकवल्यावर येतात तसे. “मंग ठीक हाय,” तो म्हणाला. “नऊ वर्षं मला वाटायचं, गोनीवरनं गेल्यागत गेला हा माझ्यावरनं. मामावरनं जावं तसा. कळलंबी नाय त्याला.”

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. इतकी वर्षं मी एका प्रश्नाभोवती फिरत होतो, की तो मी होतो का. आणि हा इथे पत्र्याखाली बसून दुसऱ्याच प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत होता, की मला ते कळलं होतं का, आणि ते उत्तर एका फोनवर देता आलं असतं. मी त्याची माफी मागितली. तो त्यावर हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तेवढा हक्क त्याला होता. कलाबाई चहा घेऊन आली, दारातच थांबली, आणि कपबशा तिथल्याच फळीवर ठेवून परत आत गेली.

गोरक्ष वाकला. त्याने बुटाची नाडी सोडली, बूट काढला, आतला जाड मोजा सावकाश गुंडाळत उतरवला आणि पाय उचलून आमच्या दोघांच्या मधल्या लाकडी खोक्यावर ठेवला. घोटा वाकत नव्हता. एक व्रण नडगीपासून सुरू होऊन तळव्यात उतरला होता, दुसरा त्याला आडवा छेदून गेला होता, कातडी कुठे चकचकीत होती, कुठे सुरकुतलेली. अंगठा नव्हता. शेजारचं बोटही नव्हतं. हे मला माहीतच नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं. शेडच्या दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता, त्यातून उठून बाहेर निघून जायला भरपूर वाट होती. मी तिकडे बघितलं नाही. मी त्याच्या पायाकडे बघत राहिलो, आणि त्यानेही बूट घालायची घाई केली नाही.